मागच्या सीटची लांबी

मोटार घ्यायला निघालेला माणूस आधी बॉनेट उघडतो, हॉर्न वाजवून बघतो, फार तर स्टिअरिंगपुढे बसतो. कळसाडीचे पाटील हिंमतराव मागचं दार उघडायचे, चपला काढायचे आणि सीटवर आडवे व्हायचे. पाय लांब करायचे. मग छताकडे बघत थोडा वेळ तसेच पडून राहायचे.

धुळ्याच्या मोटारवाल्यांमध्ये त्यांची थट्टा झाली होती. शहाद्याचे कापसाचे व्यापारी इंदरमल त्यांचे जुने स्नेही. ते तर तोंडावर म्हणायचे, "हिंमतभाऊ, मोटर हाकाले लेवानी शे का झोपाले?"

हिंमतराव हसायचे, पण उत्तर द्यायचे नाहीत. उत्तर ठाऊक होतं ते फक्त त्यांच्या बायकोला, रंजनाबाईंना.

तीन पावसाळ्यांपूर्वी हिंमतरावांचा धाकटा भाऊ दगा पोटात कळ येऊन आडवा झाला. आधी ओवा दिला, मग शेक दिला. तिसऱ्या दिवशी पोट दगडासारखं झालं तेव्हा गाडी जुंपली. कडबा पसरला, त्यावर गोधड्या टाकल्या आणि भावाचं डोकं मांडीवर घेऊन हिंमतराव शहाद्याला निघाले. वाटेत चाक चाकोरीतून निसटलं की दगा गुरासारखा ओरडायचा. "दादा, हयू हाक," म्हणायचा. बैल हळू केले की रडत म्हणायचा, "दादा, लवकर पोचाड माले." दोन्ही कसं करायचं ते हिंमतरावांना कळेना. शहादा दिसायला लागलं तेव्हा तो शांत झाला. बैल बरे चालले आहेत म्हणून शांत झाला असेल, असं त्यांना वाटलं. दवाखान्याच्या दारात गडी उतरवायला आला तेव्हा समजलं.

तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं की घरी मोटार पाहिजे. मिरवायला नको, लग्नाच्या वरातीला नको. घरातलं माणूस आडवं झालं तर आडव्यानेच शहाद्याला, नाहीतर थेट धुळ्याला नेता आलं पाहिजे. केळीने आणि उसाने त्या वर्षी हात दिला होता. मोटार घेण्याची ऐपत होती. प्रश्न होता कोणती घ्यायची त्याचा.

सन बासष्टचा उन्हाळा त्यांनी या एका गोष्टीत घालवला. सुरत, धुळे, नाशिक, जिथे कोणाकडे गाडी आहे असं कळलं तिथे ते गेले. घरी आले की जेवताना रंजनाबाईंना सगळं सांगायचे. स्टँडर्डची हेराल्ड दिसायला बाहुलीसारखी, पण दारं दोनच. मागे जायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. "आजारी माणूसले काय गोणीसारखं कोंबानं?" फियाट हलकी, पेट्रोलला कमी, वळायला चपळ, दारं चार. गावातल्या बोळातून बैलगाडी येत असली तरी बाजूने निघून जाईल. पण मागची सीट आखूड. अँबेसेडर म्हणजे हत्ती. पेट्रोल पिणार, वळवायला चौक पाहिजे, पण पोट उंच, गाडवाटेतल्या दगडांना लागायचं नाही. आणि मागची सीट!

"पलंगच शे," ते हाताने लांबी दाखवत म्हणायचे. "दगा त्यामा पुरा मावता."

रंजनाबाई भाकरी थापता थापता ऐकायच्या. दगाचं नाव निघालं की तव्याकडे बघायच्या. त्यांना मोटारीतलं काही समजत नव्हतं, पण एवढं समजत होतं की नवरा मेलेल्या भावाच्या मापाची गाडी शोधतो आहे.

नव्या अँबेसेडरसाठी नंबर लावायचा तर किती वर्षं लागतील ते कोणी सांगेना. धुळ्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे चांगली राखलेली जुनी होती. त्यांना स्वतःची नवी मिळाली की ही हिंमतरावांना द्यायची, असा शब्द झाला. नवी दिवाळीपर्यंत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्याच सुमारास कोरीटहून निरोप आला. त्यांची एकुलती एक मुलगी कमल, दीड वर्षापूर्वी कोरीटच्या मगनला दिलेली, तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. हिंमतरावांनी गूळ वाटला आणि त्या रात्री रंजनाबाईंना म्हणाले, "देख, मोटर बराबर टाइमवर येवानी."

नवरात्राच्या आधी कमल माहेरी आली. मुळात उंच मुलगी, बापाच्या अंगाची. ओसरीवर पाय पसरून बसायची आणि बापाला डिवचायची, "आबा, तुमनी मोटर येस तवलोंग मन्हं पोर शाळामा जाई."

त्या आठवड्यात इंदरमलांचा माणूस आला. शेठना नवी फियाट मिळाली होती. जुनी, तीही फियाटच, चालू हालतीत, घरी उभी होती. तळोद्याचा एक व्यापारी ती मागत होता, पण आधी हिंमतभाऊला विचारू असं शेठ म्हणाले होते.

हिंमतराव निघाले तशा रंजनाबाईही एस.टी.ने त्यांच्याबरोबर गेल्या. कधी नव्हे ते त्यांनी स्वतःहून म्हटलं, मी येते.

इंदरमलांच्या वखारीपुढे गाडी उभी होती. करडी, पुसून लख्ख केलेली. इंदरमलांची बायको हीराबाई पाणी घेऊन बाहेर आल्या आणि दोघी बायका सावलीला उभ्या राहिल्या. हिंमतरावांनी चपला काढल्या, मागचं दार उघडलं आणि आडवे झाले. गुडघे वर आले. त्यांनी कूस बदलली, तरी वरच. पाय सरळ केले तर उघड्या दारातून पोटऱ्या बाहेर.

"आता बस," इंदरमल म्हणाले. "भाऊ, रोजना वापरले यानासारखी गाडी नई. मी पाच वर्स हाकी. आज सांग, आज किल्ली ली जा."

"पाय राही जातस बाहेर."

"मुडपी लेवाना!"

हिंमतराव उठून बसले. रंजनाबाई पुढे झाल्या. परक्या माणसासमोर नवऱ्याशी बोलायची त्यांना सवय नव्हती, पदर सावरून हळू आवाजात म्हणाल्या, "जे हातमा शे ते ल्या. पोर जड शे. धुयावाली मंग देखू."

"दोन दोन मोटरी काय करानं? दिवाळीले ती येवानीच शे."

"नई उनी तं?"

"डॉक्टरनी जबान शे." मग त्यांचा आवाज उतरला. "दगाले पाय मुडपता येत व्हते का? तूच सांग. पोट धरीसन तो आडवा पडेल व्हता. मी देखं शे, तुन्ही नई देखं."

रंजनाबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याचा हिशेब पुढे त्या कितीतरी वर्षं स्वतःशी मांडत राहिल्या.

फियाट तळोद्याला गेली.

दिवाळी आली ती लढाईची बातमी घेऊन. चौकात रेडिओभोवती माणसं जमायची, बायका जवानांसाठी दागिने देत होत्या. धुळ्याच्या डॉक्टरांचं पत्र आलं की नवी गाडी लांबली, थोडा धीर धरा. हिंमतराव जाऊन आले. डॉक्टर भले माणूस, चहा पाजला, हळहळले, पण त्यांनाही गाडीशिवाय चालणार नव्हतं. हिंमतरावांनी तिथल्या तिथे पुन्हा एकदा मागच्या सीटवर बसून बघितलं आणि समाधानाने परत आले. पौषात मिळेल म्हणाले.

पौषात थंडी कडाक्याची पडली. एका पहाटे कमलला कळा सुरू झाल्या. सुईण आली, आणि मदतीला सालदार जान्याची बायको फुलीबाई आली. फुलीबाई स्वतः दीड महिन्याची ओली बाळंतीण, पण अशा वेळी घर सोडून राहणारी नव्हती. ऊन ओसरीवर आलं तेव्हा मुलगा झाला. गोरा, लांब हातापायांचा. हिंमतरावांनी बाहेरूनच आवाज ऐकला आणि हात जोडले.

पण वार पडेना. सुईणीने पोट चोळलं, कमलला केसांची वेणी तोंडात धरायला लावली, ओकारी काढायला लावली. वार पडली नाही आणि रक्त थांबेना. रंजनाबाई एकामागून एक लुगड्यांचे तुकडे बदलत होत्या. एका क्षणी सुईणीने हात पुसले आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "दवाखानामा न्या."

सकाळची एस.टी. निघून गेली होती. हिंमतरावांनी हिलालला, शेजारच्या तरण्या पोराला, सायकलवर शहाद्याला पिटाळलं : इंदरमल शेठला सांग, मोटार घेऊन वाटेवर ये. आणि मोटार येईपर्यंत बसून राहायचं कसं, म्हणून गाडी जुंपली. कडबा पसरला, गोधड्या टाकल्या. तेच बैल नव्हते, पण गाडी तीच होती.

बाळ फुलीबाईच्या पदराखाली ठेवून रंजनाबाई लेकीजवळ बसल्या. कमलचे पाय पोत्यांवर उंच ठेवले होते. जान्या हाकत होता. हिंमतराव चाकाला हात लावून शेजारून पळत होते, जसं काही चाक खड्ड्यात जाण्याआधी ते उचलून धरणार होते. कमल ओरडत नव्हती. त्याचीच रंजनाबाईंना धास्ती वाटत होती.

"माय, थंडी लागी ऱ्हायनी."

रंजनाबाईंनी स्वतःचा पदर सोडून तिच्या अंगावर घातला. "आते मोटर येस, पोरी. आते येस."

"आबानी?" कमलने विचारलं आणि किंचित हसली.

अर्ध्याहून जास्त वाट सरली तेव्हा समोरून धूळ दिसली. इंदरमल स्वतः चालवत होते, शेजारी हिलाल. नवी फियाट, अजून सीटवरची मेणकापडंसुद्धा काढली नव्हती. गाडी थांबते न थांबते तोच इंदरमल खाली उतरले आणि मागचं दार उघडून उभे राहिले. हिंमतराव आणि जान्याने कमलला उचललं. रंजनाबाई आधी आत बसल्या, लेकीचं डोकं त्यांच्या मांडीवर आलं. हिंमतरावांनी तिचे पाय गुडघ्यात हळूच मुडपले आणि दार लावलं.

दार लागलं.

तिच्या पावलांमध्ये आणि दारामध्ये दोन बोटांची जागा उरली होती. रंजनाबाईंना ती दिसली. काचेतून बाहेर बघितलं तर हिंमतरावही तिकडेच बघत होते.

गाडी भरधाव निघाली, आणि बैलगाडीच्या मानाने पाण्यावरून गेल्यासारखी गेली. कापसाच्या जिनिंगची धुराडी दिसली, गावातली पहिली घरं आली. रंजनाबाई लेकीच्या कपाळावर हात ठेवून होत्या आणि हाताखाली कपाळ गार होत गेलेलं त्यांना समजलं, तरी त्या "आते उनं, आते उनं," म्हणत राहिल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे उघडून बघितले, नाडी बघितली. बाई, थोडं आधी, एवढं म्हणून ते थांबले.

दहावा, तेरावा झाला. माणसं येऊन बसत. नशीब म्हणत, सटवीने लिहिलेलं कोणाला चुकलं म्हणत. हिंमतराव भिंतीला टेकून ऐकत. एकदा सगळे उठून गेल्यावर ते आपणहून बोलायला लागले. ती फियाट असती तरी काय, रक्त तर घरीच गेलं होतं, वाटेला वेळ लागणारच, आणि पाय मुडपले की रक्त...

रंजनाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मावनी नं ती."

त्यानंतर त्या घरात त्या फियाटचा विषय कधी निघाला नाही.

माघात धुळ्याहून पत्र आलं की गाडी घेऊन जा. रंजनाबाईंना वाटलं, आता नवरा नको म्हणून कळवेल. हिंमतराव दुसऱ्याच दिवशी निघाले. संध्याकाळी काळी अँबेसेडर गावात शिरली. पोरं मागे धावली. दारात आली तेव्हा ओवाळायला कोणी पुढे झालं नाही. शेजारणी आपापल्या उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. हिंमतराव उतरले, दार लावलं आणि हात धुवायला मागे गेले. रंजनाबाईंनी विचारलं, "कसाले लयनात?"

"जबान दियेल व्हती," ते म्हणाले.

गाडी खळ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहिली. ते रोज सकाळी ती धूत. तिच्यातून जात मात्र कुठेच नसत.

रंजनाबाईंना गाडीकडे बघायला वेळ नव्हता. नातू होता. फुलीबाई दिवसातून चार वेळा येऊन स्वतःच्या पोरीबरोबर त्यालाही पाजायची; एका बाजूला ती, एका बाजूला हा. भिल्लिणीचं दूध म्हणून भावकीत कुजबुज झाली, तेव्हा रंजनाबाईंनी ज्याने कुजबुज केली त्याच्या बायकोला पाणवठ्यावर गाठून विचारलं, "तू पाजस का?" मग कोणी बोललं नाही. पोर बाळसं धरू लागलं. झोपेत हसायचं तेव्हा हनुवटीला खळी पडायची, कमलसारखी. रंजनाबाई त्याला उराशी धरून निजायच्या आणि सकाळी उठायला त्यांना एक कारण असायचं.

फाल्गुनात कोरीटहून मगन आणि त्याची आई शांतीबाई आले. मगन पोरगेलासा, डोळे खाली घालून बसला. शांतीबाईंनी आधी रडून घेतलं, खरंखुरं रडल्या. मग म्हणाल्या, "याहीन, वैशाखमा मगननं लगीन करी ऱ्हायनूत. घरमा बाई येस, पोर आमनं आम्हले द्या."

"नवी बाई याले देखी?" रंजनाबाईंनी विचारलं.

"देखी. गरिबनी पोर शे, मनमियाऊ शे. आते पासून तिना हातमा पोर ऱ्हायनं तं तिले माया लागी. मोठं व्हयनं मंग नई लागाव."

रंजनाबाईंना ते खोटं म्हणता येईना. त्यांनी हिंमतरावांकडे बघितलं. एकदा नाही म्हणा, एवढंच त्यांना हवं होतं. पाटलाने नाही म्हटलं असतं तर मगनची छाती नव्हती. पण पाळण्यातलं पोर रडू लागलं की हिंमतराव उठून खळ्यात जायचे, हे महिनाभर त्या बघत होत्या. आताही ते उठले. जाताना म्हणाले, "पोर त्यासनं शे. मी मोटरमा पोचाडी देसू."

ती त्या गाडीची पहिली खेप.

फुलीबाईने निघण्यापूर्वी पोराला भरपेट पाजलं आणि त्याच्या तळव्याला काजळाचं बोट लावलं. तिची छाती ओली झालेली लुगड्यावर दिसत होती. रंजनाबाई मागे बसल्या. सीट खरोखरच पलंगासारखी होती. पोराला शेजारी मोकळं निजवलं तरी ऐसपैस जागा उरली. म्हणून त्यांनी त्याला उचलून मांडीवरच घेतलं.

पूर्ण वाटभर पोर झोपलेलं होतं. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडून गाडी नंदुरबारच्या रस्त्याला लागली तेव्हा हिंमतरावांनी आरशात बघून विचारलं, "धक्का लागस का?"

"नई," रंजनाबाई म्हणाल्या.

त्यांना पुढे आणखी काही ऐकायचं असावं. रंजनाबाई खिडकीबाहेर कापसाच्या वाळलेल्या पळाट्या बघत राहिल्या.

कोरीटला शांतीबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पोराला आत नेलं. गल्लीतली एक ओली बाळंतीण पाजायला बोलावून ठेवली होती. आतून रडणं ऐकू आलं, ओळखीचं नसलेलं अंग लागल्यावरचं रडणं. रंजनाबाई चहाचा कप हातात धरून ओसरीवर बसल्या. रडणं थांबलं तेव्हा त्या उठल्या आणि कोणालाही न सांगता फाट्याच्या दिशेने चालू लागल्या. हिंमतरावांनी गाडी आणून शेजारी उभी केली, दार उघडलं. त्या थांबल्या नाहीत. एस.टी.ने नंदुरबार, तिथून शहादा, तिथून कळसाडी, अशा त्या दिवेलागणीला घरी पोचल्या.

पुढे हिंमतरावांची अँबेसेडर पंचक्रोशीत नावाजली. म्हसावदच्या एका मास्तरांना त्यांनी धुळ्याला पोचवलं, छातीत कळ आली होती, ते वाचले. जान्याला साप चावला तेव्हा मागच्या सीटवर पाय लांब करून नेलं, तोही वाचला. बाळंतिणी तर किती नेल्या. काही दगावल्याही, पण लोक म्हणत, हिंमत आबांनी कधी वेळकाळ, जातपात बघितली नाही. रात्री-बेरात्री खळ्यात कोणी हाक मारली की ते किल्ली घेऊनच बाहेर यायचे. लोक पाया पडू लागले की त्यांना राग येई. रंजनाबाई नेलेल्या बायकांसाठी गोधड्या धुऊन तयार ठेवायच्या, परत आल्यावर सीटवरचं रक्त गार पाण्याने पुसायच्या. त्या स्वतः मात्र त्या गाडीत पुन्हा बसल्या नाहीत.

कोरीटला त्या एस.टी.ने जात, दर दोन-तीन महिन्यांनी. मगनची नवी बायको खरंच मायाळू निघाली. सासू म्हणाली होती तशीच. पोर चालायला लागलं, बोलायला लागलं, तिलाच माय म्हणायला लागलं. एकदा रंजनाबाईंनी शेंगदाण्याचा लाडू पुढे केला तर ते तिच्या पदरामागे लपलं आणि तिथूनच विचारलं, "माय, ही कोण शे?"

ती बिचारी गोंधळली. रंजनाबाईंकडे बघत राहिली.

"कळसाडीनी आजी शे मी," रंजनाबाई म्हणाल्या. लाडू त्यांनी तिच्या हातात दिला. "तू दे त्याले. तुन्हा हातनं खाई."

त्या दिवशी परत येताना कळसाडीच्या फाट्यावर उतरल्या तेव्हा ऊन कलतं होतं. नेहमीसारखी अँबेसेडर उभी होती. त्या येणार असल्या की हिंमतराव तिथे येऊन थांबत; बोलावत नसत, फक्त मागचं दार उघडं ठेवत. रंजनाबाई जवळून पुढे गेल्या. मागे दार लागल्याचा आवाज आला, मग इंजिनाचा. त्यांनी मागे बघितलं नाही. गावापर्यंतची वाट त्या चालत राहिल्या, आणि गाडी त्यांच्या चालीने, पहिल्या गिअरमध्ये, मागून येत राहिली.